थंड हवामानातील मोटारसायकल चालन

थंड हवामानातील मोटारसायकल चालन म्हणजे कमी तापमान, बोचरा वारा, धुके, पाऊस किंवा हिम अशा परिस्थितीत दुचाकी सुरक्षितपणे चालविण्याचे तंत्र, त्यासाठीचे प्रशिक्षण आणि त्यास अनुरूप पोशाख होय. वरवर पाहता हा विषय केवळ उबदार कपड्यांचा वाटतो. प्रत्यक्षात तो वाहनावरील नियंत्रणाचा आहे. बहुतेक मोटारसायकलींवर क्लच डाव्या हाताच्या बोटांनी, पुढचा ब्रेक उजव्या हाताच्या बोटांनी, गिअर डाव्या पावलाने आणि मागचा ब्रेक उजव्या पावलाने चालविला जातो. शरीर गारठू लागले की सर्वांत आधी बधिर होणारे अवयव नेमके हेच असतात. मोटारगाडीच्या चालकाला थंडी हा गैरसोयीचा प्रश्न असतो. मोटारसायकलस्वाराला मात्र ती ब्रेक वेळेवर लागेल की नाही, याचा प्रश्न असते.

वाऱ्याचा गारठा

स्थिर हवेत शरीराभोवती उबदार हवेचा एक पातळ थर टिकून राहतो. वारा हा थर सतत उडवून नेतो, त्यामुळे त्वचेतून उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते. अमेरिकन संशोधक पॉल सायपल व चार्ल्स पॅसेल यांनी अंटार्क्टिकामध्ये पाण्याने भरलेल्या डब्यातील पाणी गोठण्यास किती वेळ लागतो, हे वेगवेगळ्या वाऱ्यांत मोजून या परिणामाचे गणित मांडले. त्यांचा निबंध १९४५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिका व कॅनडा येथील हवामान खात्यांनी २००१ साली मानवी चेहऱ्यावरील उष्णताऱ्हासावर आधारलेले नवे सूत्र स्वीकारले आणि आज सर्वसाधारणपणे तेच वापरले जाते.

या सूत्रानुसार हवेचे तापमान १० अंश सेल्सिअस असताना ताशी ६० किलोमीटर वेगाच्या वाऱ्यात उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांइतकी थंडी जाणवते. हवा ५ अंशांवर असेल, तर त्याच वेगाला ही जाणीव उणे २ अंशांच्या आसपास जाते आणि हवा शून्य अंशावर असताना ताशी ८० किलोमीटर वेगाला ती जवळजवळ उणे १० अंश होते. मोटारसायकलस्वाराच्या बाबतीत हे आकडे थोडे सौम्यच म्हणावे लागतील. सूत्रातील वाऱ्याचा वेग जमिनीपासून १० मीटर उंचीवर मोजलेला असतो आणि चेहऱ्याच्या पातळीवरील वारा त्याहून मंद असतो, असे त्यात गृहीत धरलेले आहे. धावत्या दुचाकीवर मात्र वाहनाच्या पूर्ण वेगाचा वारा थेट अंगावर येतो.

याबाबत एक गैरसमज सर्रास आढळतो. वाऱ्यामुळे वस्तूचे तापमान हवेच्या तापमानाखाली जात नाही. ती केवळ लवकर थंड होते. ५ अंश तापमानात कितीही वेगाने गाडी हाकली, तरी टाकीवरचे कोरडे पाणी-प्रतिबंधक आवरण गोठणार नाही. ओले हातमोजे ही वेगळी बाब आहे. पाण्याचे बाष्पीभवन होताना ते हातातील उष्णता ओढून घेते, शिवाय पाण्याची उष्णतावाहकता हवेच्या सुमारे २५ पट असते. म्हणूनच कोरड्या शून्य अंशापेक्षा भिजलेले ५ अंश अधिक त्रासदायक ठरू शकतात.

शरीरावरील परिणाम

मानवी शरीराचे आंतरिक तापमान ३७ अंशांच्या आसपास असते. ते ३५ अंशांखाली गेले की त्या अवस्थेस अल्पतापमान किंवा हायपोथर्मिया म्हणतात. तिथवर पोहोचण्याच्या कितीतरी आधी शरीर बचावाची तयारी सुरू करते. हृदय, मेंदू आणि पोटातील अवयव उबदार राहावेत म्हणून हातापायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. बोटांचा रक्तपुरवठा अशा रीतीने जणू उधारीवर टाकला जातो. मज्जातंतूंमधून संदेश वाहण्याचा वेग मंदावतो, सांधे ताठरतात आणि स्पर्शाची जाणीव बोथट होते. बोटे हलविणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखालच्या हातात असतात. त्यामुळे हातमोजे उत्तम असले, पण बाहीतून वारा शिरत असला, तरी मुठीची पकड दुर्बल होते.

त्यापुढची लक्षणे अधिक फसवी असतात. अंगाला कापरे भरते, खांदे आखडतात, चालक नकळत हँडल घट्ट धरू लागतो आणि मान वळवून बाजूला पाहण्याचे टाळू लागतो. मान न वळविणे ही सवय चौकात घातक ठरते. थंडी वाढली की विचारही संथ होतात, आणि ज्या निर्णयशक्तीने थांबायचे ठरवायचे तीच मंद झालेली असल्यामुळे आपण ठीक आहोत, असे चालकाला वाटत राहते. थरथरणे विश्रांतीशिवाय आपोआप थांबले, तर ते बरे होण्याचे नव्हे, तर प्रकृती बिघडल्याचे चिन्ह असू शकते. अशा व्यक्तीला आडोशाला नेऊन ओले कपडे काढणे, कोरड्या कपड्यांत गुंडाळणे व ती शुद्धीवर असल्यास गरम गोड पेय देणे हा प्राथमिक उपचार मानला जातो. मद्याने ऊब येते ही समजूत चुकीची आहे. मद्यामुळे त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, क्षणभर उबदार वाटते आणि प्रत्यक्षात शरीरातील उष्णता अधिक वेगाने निघून जाते.

या विलंबाचे मोल साध्या हिशेबातून कळते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी दुचाकी सेकंदाला सुमारे १६.७ मीटर अंतर कापते. गारठलेल्या बोटांमुळे ब्रेकची दांडी दाबण्यास केवळ अर्धा सेकंद उशीर झाला, तर वाहन थांबण्याआधी ८ मीटरहून अधिक पुढे गेलेले असते. शहरातील रस्ता ओलांडणाऱ्या पादचाऱ्याच्या दृष्टीने हे अंतर निर्णायक असते.

चालक-प्रशिक्षण

मोटारसायकल चालविण्याचे औपचारिक शिक्षण ही तुलनेने अलीकडची गोष्ट आहे. विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या काळात हे कौशल्य थोरला भाऊ, मित्र किंवा शेजारी यांच्याकडून रिकाम्या मैदानात आत्मसात केले जात असे. सैन्यदले याला अपवाद होती. दुसऱ्या महायुद्धात निरोप पोहोचविणाऱ्या ब्रिटिश मोटारसायकलस्वारांचे अपघात इतके झाले की, १९४१ साली त्यांना शिरस्त्राण सक्तीचे करण्यात आले. या निर्णयामागे ह्यू केर्न्स या मेंदूशल्यविशारदाचे संशोधन होते. टी. ई. लॉरेन्स, अर्थात 'लॉरेन्स ऑफ अरेबिया', यांच्यावर १९३५ साली मोटारसायकल अपघातानंतर उपचार करणाऱ्यांत केर्न्स होते आणि डोक्याच्या इजांच्या अभ्यासाकडे ते त्यानंतर वळले.

अमेरिकेत १९७३ साली मोटारसायकल सेफ्टी फाउंडेशनची स्थापना झाली. तिचा प्राथमिक अभ्यासक्रम वर्गातील विवेचन आणि मोकळ्या फरशीवरील सराव अशा दोन भागांत विभागलेला असतो. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या हर्ट अहवालाने या चळवळीला आधार दिला. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातील सुमारे ९०० अपघातांची घटनास्थळी जाऊन तपासणी केली होती. अपघातग्रस्त चालकांपैकी ९२ टक्के स्वतःच किंवा आप्तमित्रांकडून शिकलेले होते. त्याहून बोलका निष्कर्ष ब्रेकसंबंधीचा होता. संकटसमयी अनेकांनी मागचा ब्रेक गच्च दाबून चाक घसरवले होते आणि पुढचा ब्रेक, जो वाहन थांबविण्याचे बहुतांश काम करतो, पुरेसा वापरलाच नव्हता.

ब्रिटनमध्ये १९९० पासून सक्तीचे मूलभूत प्रशिक्षण लागू आहे. ते पूर्ण केल्यावर मिळणारे प्रमाणपत्र दोन वर्षे वैध असते व त्या काळात परीक्षा उत्तीर्ण न झाल्यास ते पुन्हा घ्यावे लागते. युरोपीय संघात जानेवारी २०१३ पासून परवान्यांची श्रेणीरचना एकसमान झाली असून लहान इंजिनापासून मोठ्या इंजिनाकडे पायरीपायरीने जाण्याची त्यात सोय आहे. जपानमधील परीक्षेचा एक भाग विशेष उल्लेखनीय आहे. तेथे उमेदवाराला ३० सेंटिमीटर रुंद व १५ मीटर लांब अशा उंचवट्याच्या पट्टीवरून शक्य तितक्या सावकाश जावे लागते. मध्यम श्रेणीसाठी किमान ७ सेकंद आणि मोठ्या मोटारसायकलींसाठी किमान १० सेकंद. वेगाऐवजी संथपणाची परीक्षा घेण्यामागील तर्क सरळ आहे. वेगात चाके वाहनाला आपोआप तोलून धरतात; संथ गतीत मात्र क्लच, मागचा ब्रेक आणि नजर यांचा मेळ चालकालाच घालावा लागतो.

कोणत्याही चांगल्या अभ्यासक्रमात काही कौशल्ये समान आढळतात. क्लच जिथे पकडू लागतो तो बिंदू हाताने ओळखणे, वळणाच्या शेवटाकडे नजर ठेवणे, पुढचा ब्रेक झटक्याने न आवळता वाढत्या दाबाने लावणे आणि अडथळा चुकविण्यासाठी वाहन अचानक वळविणे, ही त्यांपैकी प्रमुख होत. वळण घेण्याचे तंत्र नवशिक्यांना सर्वांत विसंगत वाटते. वेगात असलेली दुचाकी डावीकडे झुकवायची असल्यास हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते, म्हणजेच पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते. सायकल चालविणारा प्रत्येक जण हे नकळत करीत असतो. प्रशिक्षणामुळे ते जाणीवपूर्वक आणि संकटातही करता येते.

थंडीत याच कौशल्यांना मर्यादा पडतात, म्हणून थंड प्रदेशांतील प्रशिक्षक काही गोष्टींवर अधिक भर देतात. थंड रबर कडक होते आणि त्याची रस्त्यावरील पकड घटते; टायर तापेपर्यंतच्या पहिल्या काही किलोमीटरमध्ये झुकणे व ब्रेक लावणे दोन्ही हळुवार ठेवावे लागते. पुढच्या वाहनापासूनचे अंतर वाढवावे लागते. पुलांवरील रस्ता जमिनीवरील रस्त्याच्या आधी गोठतो, कारण त्याला वरून व खालून दोन्ही बाजूंनी थंड हवा लागते. काळ्या डांबरावर पसरलेला पारदर्शक बर्फाचा पातळ थर केवळ ओलसर चमक म्हणून दिसतो. त्यावर दुचाकीला बचावाचा मार्ग जवळपास नसतो आणि ब्रेक, गिअर व हँडल यांना न छेडता सरळ पुढे जाऊ देणे हाच उपाय सांगितला जातो. दर तासाला, किंवा कडाक्याच्या थंडीत त्याहूनही लवकर, थांबून हातपाय हलविणे हा प्रवासाच्या नियोजनाचा भाग समजला जातो.

प्रशिक्षणाची परिणामकारकता हा वादाचा विषय आहे. उपलब्ध अभ्यासांचा कॉक्रेन या वैद्यकीय पुराव्यांचे परीक्षण करणाऱ्या संस्थेने २०१० साली आढावा घेतला, तेव्हा मूळ अभ्यासांचा दर्जा पाहता प्रशिक्षणामुळे अपघात कमी होतात किंवा होत नाहीत, असा कोणताच ठाम निष्कर्ष काढता आला नाही. नॉर्वेतील अनुभव अधिक विचार करायला लावणारा आहे. तेथे १९८०च्या दशकात नव्या मोटारचालकांना निसरड्या रस्त्यावर गाडी सावरण्याचे सक्तीचे शिक्षण देण्यात आले आणि तरुण पुरुषांचे घसरड्या रस्त्यांवरील अपघात त्यानंतर कमी होण्याऐवजी वाढल्याचे दिसले. घसरलेले वाहन सावरता येते, हा आत्मविश्वास वेग कमी करण्याच्या सवयीपेक्षा वरचढ ठरला, असा त्याचा अर्थ लावला जातो. हा अभ्यास मोटारगाड्यांचा असला, तरी त्याचा परिणाम दुचाकी प्रशिक्षणावरही झाला. नंतरच्या अभ्यासक्रमांत गाडी सावरण्याच्या कसरतींपेक्षा धोका आधी ओळखण्यावर भर वाढत गेला. प्रशिक्षण निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष यातून काढणे घाईचे ठरेल. काय शिकवले जाते यावर बरेच अवलंबून असते, एवढेच त्यातून सिद्ध होते.

पोशाख

मोटारसायकलच्या पोशाखाकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. त्याने घसरल्यास कातडी वाचवावी, वारा व पाणी अडवावे, घाम बाहेर जाऊ द्यावा आणि हालचालीस अडथळा करू नये. सुरुवातीच्या काळात चामडे हे एकच उत्तर होते. न्यूयॉर्कमधील अर्व्हिंग शॉट यांनी १९२८ साली साखळीचे चामडी जॅकेट बनविले. ते रस्त्यावरील घर्षणाला चांगले तोंड देई, पण पावसात जड होई. ओल्या हवामानाच्या ब्रिटनमध्ये खलाशांच्या कपड्यांवरून घेतलेले मेण लावलेले सुती कापड लोकप्रिय झाले. बार्बर या कंपनीने १९३६ साली 'इंटरनॅशनल सिक्स डेज ट्रायल' या शर्यतीसाठी असा पोशाख तयार केला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर बेलस्टाफच्या 'ट्रायलमास्टर' जॅकेटने तीच परंपरा पुढे नेली. १९६९ साली रॉबर्ट गोर यांनी ताणलेल्या पीटीएफईचा शोध लावल्यावर वाफ बाहेर सोडणारे, परंतु पाणी आत न येऊ देणारे पातळ पडदे शक्य झाले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातील डुलुथ हे कडाक्याच्या हिवाळ्यासाठी प्रसिद्ध असलेले शहर. तेथील एरोस्टिच या कंपनीने १९८०च्या दशकात नेहमीच्या कपड्यांवर चढविता येणारा एकसंध कापडी पोशाख बाजारात आणला व रोज दुचाकीने कामावर जाणाऱ्यांमध्ये तो रूढ झाला.

आज सर्वमान्य असलेली पद्धत थरांची आहे. अंगालगतचा थर घाम शोषून बाहेर पोहोचवतो. त्यासाठी बारीक लोकर किंवा कृत्रिम धाग्यांचे कापड वापरतात. सुती बनियन घामाने ओला राहून अंग गार करतो. मधला थर हवा कोंडून ठेवण्याचे काम करतो, कारण ऊब खरे तर कापडात नसून त्यात अडकलेल्या स्थिर हवेत असते. पिसांचे जॅकेट वजनाने हलके व अतिशय उबदार असले, तरी भिजल्यावर ते चेपून जाते. लोकर आणि फ्लीस ओले होऊनही काही प्रमाणात ऊब राखतात. बाहेरचा थर वाऱ्याला अडवितो. हा थर नसेल, तर आतले जाडजूड स्वेटर जवळपास निरुपयोगी ठरतात. अंगावर चार स्वेटर चढवूनही कुडकुडणारा दुचाकीस्वार आणि एका साध्या जर्किनखाली निवांत असलेला दुसरा, हा फरक नेमका याच थराचा असतो.

जाड थर घालताना एक तडजोड लक्षात घ्यावी लागते. जॅकेटच्या कोपरा-खांद्यांत बसविलेले रक्षक गादीचे तुकडे शरीराला चिकटून असतील, तरच अपघातात उपयोगी पडतात. फार सैल जॅकेटमध्ये ते जागेवरून सरकतात, तर फार घट्ट जॅकेटमुळे आतली हवा दाबली जाते व रक्ताभिसरणही अडते. म्हणून पोशाख आतल्या सर्व थरांसह, आणि दुकानातील आरशासमोर उभे राहून नव्हे, तर गाडीवर बसलेल्या स्थितीत पारखून घ्यावा, असे सांगितले जाते. बसल्यावर बाह्या मनगटावरून वर सरकतात, पाठीचा कमरेजवळचा भाग उघडा पडतो आणि विजारीचे पाय घोट्यापासून वर जातात. वारा याच तीन फटींतून शिरतो. युरोपात अशा पोशाखांच्या दर्जासाठी ईएन १७०९२ हे मानक असून त्यात घर्षणरोधाच्या कसोटीनुसार श्रेणी दिल्या जातात. हातमोज्यांसाठी ईएन १३५९४, बुटांसाठी ईएन १३६३४ आणि रक्षक गाद्यांसाठी ईएन १६२१ ही मानके आहेत.

हातांचे रक्षण हा या विषयातील सर्वांत अवघड भाग होय. हातमोजा जितका जाड, तितकी ब्रेक व क्लचची जाणीव कमी. शिवाय मुठीभोवती बोटे आवळली की तळहाताकडील भरणा दबून पातळ होतो आणि बोटांची मागची बाजू थेट वाऱ्याला सामोरी जाते. यावर दोन उपाय रूढ आहेत. एक म्हणजे मुठींमध्ये विजेवर तापणाऱ्या तारा बसविणे; त्याने तळहात उबदार होतो, पण बोटांची मागील बाजू नाही. दुसरा म्हणजे हँडलच्या टोकांना बाहेरून गवसणीसारखी जाड आवरणे लावणे, ज्यांच्या आत हात घालून मूठ धरता येते. ही आवरणे दिसायला बेढब असतात. परिणामकारकतेत मात्र महागड्या हातमोज्यांना ती सहज मागे टाकतात आणि आत पातळ हातमोजे पुरेसे होत असल्याने बोटांची जाणीवही टिकते. जपानच्या टपाल सेवेसाठी बनविलेल्या होंडा कब दुचाकींवर तापणाऱ्या मुठी बसविलेल्या असत. हातमोज्याचा लांब कफ बाहीच्या आत घालावा की बाहेर, यावर चालकांत मतभेद आहेत. कोरड्या थंडीत तो बाहीवर ओढून घेतल्यास वारा आत शिरत नाही. पावसात मात्र बाहीवरून ओघळणारे पाणी थेट हातमोज्यात उतरते, म्हणून तेव्हा तो बाहीच्या आत ठेवणे सोयीचे.

विजेवर तापणारी वस्त्रे १९७०च्या दशकात अमेरिकेत व्यापारी स्वरूपात आली. वाहनाच्या १२ व्होल्ट विद्युतपुरवठ्यावर चालणारे असे जॅकेट साधारण ९० वॅटचे असले, तर ते साडेसात अँपिअर प्रवाह घेते. लहान इंजिनाच्या मोटारसायकलींना दिव्यांसह इतका भार दीर्घकाळ झेपत नाही आणि बॅटरी उतरू शकते. त्यासाठी स्वतंत्र बॅटरीवरील वस्त्रे वापरतात. तापणारी बंडी हातमोज्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरल्याचा अनुभव अनेकांना येतो. छाती व पोट उबदार राहिले की शरीर बोटांचा रक्तपुरवठा कमी करीत नाही आणि हात आपोआप गरम राहतात.

शिरस्त्राणाबाबत थंडीतील मुख्य अडचण काचेवर धरणाऱ्या बाष्पाची असते. श्वासातील ओलावा थंड काचेच्या आतल्या बाजूवर साचतो. काच किंचित उघडणे हा तात्पुरता उपाय होय. काचेच्या आत दुसरी पातळ पारदर्शक पट्टी बसवून मधे हवेचा थर कोंडणे हा अधिक टिकाऊ उपाय असून त्याचे तत्त्व थंड देशांतील दुहेरी काचांच्या खिडक्यांप्रमाणेच असते. गळ्याभोवती लांब मफलर किंवा ओढणी मोकळी सोडणे धोक्याचे असते, कारण टोक चाकात अथवा साखळीत अडकू शकते. त्याऐवजी डोक्यावरून घालावयाची नळीसारखी गळपट्टी वापरली जाते. पायांसाठी घोट्यावर जाणारे जलरोधक बूट व एक जोड लोकरी मोजे पुरेसे असतात. दोन जाड मोज्यांनी बूट घट्ट झाला, तर पाय उलट अधिक गारठतात.

वाहनाची तयारी

तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी उतरले की टायरमधील दाब सुमारे १ पीएसआयने कमी होतो, म्हणून हिवाळ्यात दाब वारंवार तपासावा लागतो व तो टायर थंड असतानाच मोजावा लागतो. थंडीत बॅटरीची क्षमता घटते आणि इंजिनातील तेल घट्ट होते. वाऱ्याला अडविणारी पुढची उंच काच व हँडलवरील हातरक्षक यांमुळे छाती व हात यांवरील वाऱ्याचा मारा बराच कमी होतो.

हिवाळी मेळावे

थंडीतील मोटारसायकल चालनाला काही देशांत उत्सवाचे रूप आले आहे. जर्मनीतील एलेफांटेनट्रेफेन, म्हणजे 'हत्तींचा मेळावा', हा त्यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. पत्रकार एर्न्स्ट लेव्हरकुस यांनी १९५६ साली श्टुटगार्टजवळील सोलिट्यूड येथे त्याची सुरुवात केली. 'हिरवा हत्ती' या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या झुंडाप केएस ६०१ या जोडगाडीच्या मोटारसायकलीवरून मेळाव्याला हे नाव मिळाले. १९८९ पासून तो बव्हेरियाच्या अरण्यप्रदेशातील थुर्मान्सबांग गावाजवळ भरतो. हजारो मोटारसायकलस्वार ऐन हिवाळ्यात तेथे हिमावर तंबू ठोकून मुक्काम करतात. बाजूला जोडगाडी असलेली वाहने तेथे मोठ्या संख्येने दिसतात, कारण तिसऱ्या चाकामुळे हिमावर तोल जाण्याची भीती राहत नाही.

भारतातील स्थिती

भारतात दुचाकी हे छंदाचे नव्हे, तर प्रामुख्याने उपजीविकेचे वाहन आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या आणि त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होत्या. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२९ नुसार दुचाकीवर शिरस्त्राण सक्तीचे आहे व ते आयएस ४१५१ या भारतीय मानकाचे असावे लागते. १२५ घन सेंटिमीटरहून मोठ्या इंजिनांच्या दुचाकींना ब्रेक लावताना चाक जाम न होऊ देणारी एबीएस प्रणाली २०१९ पासून आवश्यक आहे. हर्ट अहवालात नोंदविलेली मागच्या ब्रेकची सवय भारतातही सर्वत्र दिसते. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, ही समजूत पिढ्यान्‌पिढ्या मैदानावरच्या शिकवणीतून पुढे आलेली आहे.

परवान्यासाठी प्रथम शिकाऊ परवाना घ्यावा लागतो. तो सहा महिने वैध असतो व किमान ३० दिवसांनंतर चाचणी देता येते. दुचाकीच्या चाचणीत प्रामुख्याने आठच्या आकड्यासारखे वळण पाय न टेकता घेणे अपेक्षित असते. हे वळण संथ गतीतील तोल तपासते, मात्र संकटकाळी थांबणे किंवा वेगात अडथळा चुकविणे यांची परीक्षा त्यातून होत नाही. खासगी दुचाकीच्या परवान्यासाठी प्रशिक्षण संस्थेत शिकणे बंधनकारक नाही. वाहननिर्मात्या कंपन्यांची प्रशिक्षण उद्याने काही शहरांत आहेत. कीथ कोड यांनी १९८० साली अमेरिकेत स्थापन केलेल्या कॅलिफोर्निया सुपरबाइक स्कूलचे वर्ग चेन्नईजवळील धावपट्टीवर भरत आले आहेत, परंतु ते मोठ्या मोटारसायकलींच्या हौशी चालकांपुरते मर्यादित राहतात.

महाराष्ट्रात हिम पडत नसले, तरी थंडीचा प्रश्न नाही असे नव्हे. नाशिक जिल्ह्यातील निफाड परिसरात काही हिवाळ्यांत पारा ५ अंशांच्या खाली उतरतो आणि महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. पहाटे दुधाचे कॅन किंवा भाजीची पोती घेऊन बाजाराकडे निघणारे शेतकरी, वर्तमानपत्रे टाकणारी मुले आणि कारखान्यांच्या पहिल्या पाळीचे कामगार यांना या थंडीला तोंड द्यावे लागते. त्यांनी काढलेले उपाय स्वस्त आणि बरेचसे शास्त्रशुद्ध आहेत. छातीवर शर्टाच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवणे किंवा जर्किन उलटे घालून साखळी पाठीकडे घेणे, हे दोन्ही वारा अडविण्याचेच प्रकार होत. शिरस्त्राणाऐवजी कानटोपी व मफलर गुंडाळून निघण्याची सवय मात्र जिवावर बेतू शकते. पातळ कानटोपी शिरस्त्राणाच्या आत घालता येते. जाड लोकरी टोपीवर शिरस्त्राण नीट बसत नाही. धुक्याच्या दिवसांत रस्त्याकडेला दिव्याविना उभी असलेली उसाची ट्रॉली हा पश्चिम महाराष्ट्रातील दुचाकीस्वारांसमोरचा, थंडीशी जोडलेला आणखी एक मोठा धोका असतो. ऊसतोडणीचा हंगाम आणि धुक्याचे महिने एकच असल्याने तो दरवर्षी उद्भवतो.

लडाख व स्पितीच्या उन्हाळी सफरींमुळे मराठी मोटारसायकलस्वारांचा खऱ्या अर्थाने गोठवणाऱ्या थंडीशी परिचय वाढला आहे. समुद्रसपाटीपासून वर जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी घटते. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर असून खारदुंग ला ही खिंड ५,३५९ मीटरवर आहे. दोहोंतील अंतर सुमारे ४० किलोमीटरच असले, तरी लेहमध्ये सकाळी १० अंश तापमान असताना खिंडीत ते शून्याखाली असू शकते आणि दुचाकीच्या वाऱ्याचा गारठा त्यावर आणखी भर घालतो. विरळ हवेमुळे इंजिनाची शक्ती घटते, चालकालाही धाप लागते. उंचीवरील आजाराची डोकेदुखी, गोंधळ व सुस्ती ही लक्षणे गारठ्याच्या लक्षणांसारखीच भासतात. चूक टाळण्यासाठी अशा वेळी कमी उंचीवर उतरणे हाच सुरक्षित पर्याय मानला जातो. लेहला विमानाने पोहोचणाऱ्यांनी किमान दोन दिवस विश्रांती घेऊन मगच खिंडींकडे निघावे, असा सर्वसाधारण सल्ला दिला जातो. वितळलेल्या हिमाचे नाले दुपारी फुगतात व पहाटे त्यांच्या काठांवर बर्फाचा थर असतो. म्हणून ते सूर्य थोडा वर आल्यावर, परंतु दुपारपूर्वी ओलांडण्याचा प्रघात आहे. नाल्यात पाय टेकून बूट भिजले, तर पुढच्या खिंडीआधी मोजे बदलता यावेत यासाठी कोरड्या मोज्यांची एक जोडी सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवली जाते.